छायाचित्रातील स्त्री व चित्राखालील नाव

विसाव्या शतकातील कर्तृत्ववान स्त्रियांच्या इतिहासाचे छायाचित्र हे एक महत्त्वाचे साधन होय; परंतु नावावाचून ते मुकेच राहते. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील सहाध्यायिनी रेहाना मोगल यांची छायाचित्रे त्यांनी घेतली. तीत स्त्री शोभेची वस्तू नसून आत्मविश्वासाने वावरणारी व्यक्ती आहे. तथापि होमाईंची आरंभीची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली. पुढे २०११ साली त्यांना पद्मविभूषण लाभले. भंडारा जिल्ह्यातील शाळांच्या व सभांच्या जुन्या समूहचित्रांतील स्त्रियांना ओळखणारी पिढी आता विरळ होत आहे. यास्तव प्रत्येक चित्राच्या पाठीवर त्यांची नावे, गाव, साल आणि छायाचित्रकाराचे नाव वेळीच नोंदवावे.