खाज थांबली, तरी कातडी बघत राहा

कुत्र्याला ॲटोपिक त्वचारोग आहे, म्हणजे धुळीतले माइट, परागकण, बुरशीचे कण यांची ॲलर्जी आहे असं ठरलं, की बहुधा प्रेडनिसोलोन, सायक्लोस्पोरिन किंवा ऑक्लासिटिनिब सुरू होतं. ही औषधं हवीतच. रात्रंदिवस पंजे चावणारं कुत्रं फार सोसत असतं. मात्र खाज आणि संसर्गाशी लढा यांचे काही निरोप शरीरात एकाच वाटेनं जातात, आणि औषध ती वाटच अडवतं.

सायक्लोस्पोरिन कॅल्सिन्युरिन हे विकर बंद पाडतं, त्यामुळे टी-पेशींची वाढ मंदावते. माणसाचं मूत्रपिंड बदलल्यावर देतात तेच हे औषध. ऑक्लासिटिनिब हे निरोप पुढे नेणाऱ्या जेएके विकरांना रोखतं. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा पसारा याहून मोठा: पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडून संसर्गाच्या जागी पोचणंच त्यानं कमी होतं.

आता डेमोडेक्स. हे सूक्ष्म माइट बहुतेक सगळ्या कुत्र्यांच्या केसांच्या मुळाशी राहतात. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत, दूध पिताना, आईकडून पिल्लाकडे येतात. प्रतिकारशक्ती शाबूत असेपर्यंत त्यांची संख्या आटोक्यात राहते. ती ढिली पडली की ते बेसुमार वाढतात. डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला, पुढच्या पायांवर केस विरळ होतात, खवले धरतात. सुरुवातीला खाज नसतेच कित्येकदा, म्हणून घरच्यांना वाटतं, औषध छान लागू पडलंय. पुढे त्या जागी जिवाणू शिरले की खाज सुटते, आणि ती ॲलर्जीची समजून डोस वाढवला जातो. माझ्या मते सगळ्यात घातक वळण हेच.

ते टाळणारी तपासणी साधी आहे. डॉक्टर कातडीची घडी चिमटीत दाबतात, पात्याला तेल लावून रक्त जेमतेम पाझरेपर्यंत खरवडतात आणि तो थेंब काचेवर घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली लांबुडके, मागे निमुळते होत गेलेले, आखूड पायांच्या चार जोड्यांचे माइट दिसतात. उपचारही आहे: गोचिडांवर देतात त्याच गटातल्या फ्लुरलानर, अफॉक्सोलानर या गोळ्या डेमोडेक्सवरही चालतात. सोबत ॲलर्जीचं औषध कमी करावं लागतं, पण डॉक्टरांना विचारूनच. बरेच दिवस चाललेलं प्रेडनिसोलोन एकदम बंद केलं तर मंदावलेली अधिवृक्क ग्रंथी लगेच सावरत नाही आणि कुत्रं कोसळू शकतं.

कातडीवर मॅलेसेझिया हे यीस्टही असतं. दमट हवेत कानात, बोटांच्या बेचक्यात त्याचा तेलकट थर आणि आंबूस वास येतो. तो निदान नाकाला कळतो. लघवीचा संसर्ग मात्र गुपचूप राहतो. स्टेरॉइडवरचं कुत्रं एरवीही पाणी जास्त पितं, लघवी जास्त करतं, आणि दाह दबल्यामुळे कुंथत नाही. म्हणून दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असेल तर अधूनमधून लघवीचं कल्चर करायला सांगतात. आपल्याकडे गोचीडताप हीही खरी भीती आहे. त्याचा जंतू एर्लिकिया शरीरात लक्षणांविना महिनोन्‌महिने दबा धरून बसतो, तेव्हा औषध सुरू करण्याआधी रक्त तपासून घेणं शहाणपणाचं.

कुत्रं वर्षाच्या आतलं असेल तर ऑक्लासिटिनिब देत नाहीत. आणि संसर्ग वारंवार होत असेल तर डॉक्टरांना लोकिव्हेटमॅबबद्दल जरूर विचारा. हे इंजेक्शन इंटरल्युकिन-३१ हा खाजेचा एकच निरोप अडवतं, बाकीची फौज कामावर राहते.