तिसरीचा वर्ग, मिस्सानंतर

प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीत सर्वांत जास्त वेळ हातांना लागतो. डावा तळवा उजव्यावर ठेवायचा, दोन्ही हात छातीपाशी धरायचे. धर्मगुरू ‘ख्रिस्ताचे शरीर’ म्हणाले की त्यांना ऐकू जाईल असं ‘आमेन’ म्हणायचं. मग एक पाऊल बाजूला सरून, खालच्या उजव्या हाताने होस्ट उचलून तिथेच तोंडात घालायचं. हातात घेऊन बाकावर परतायचं नाही. सरावासाठी सिस्टर कोरे होस्ट देतात, म्हणजे मिस्सात अर्पण न झालेले. त्यात गव्हाचं पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. मुलं ते जिभेवर ठेवतात, ते टाळूला चिकटतं आणि कोणीतरी मोठ्याने सांगतं, “टीचर, याला चवच नाही.”

त्या वाक्यावर मी कधी दटावत नाही. धडा तिथूनच सुरू करते. इजिप्तमधून निघालेल्या लोकांना पीठ फुगेपर्यंत थांबायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी बिनखमिराची भाकर भाजली. येशूने शेवटच्या भोजनात हातात घेतली ती भाकर त्याच वल्हांडण सणाच्या आठवणीतली. सात-आठ वर्षांच्या मुलाला घाईघाईत निघणं चांगलं कळतं. ‘द्रव्यांतर’, म्हणजे भाकर ख्रिस्ताचं शरीर होणं, हा शब्द त्याला पुढे कधीतरी भेटेल.

आमचा धर्मग्राम वसईच्या पश्चिम पट्ट्यातला. रविवारी मुलांची मिस्सा संपली की कोणी हॉलमध्ये, कोणी शाळेच्या खोल्यांत, कोणी चर्चच्या पडवीत बसतं. शिकवणाऱ्यांत कॉलेजच्या मुली आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, माझ्यासारख्या आया आहेत. मानधन कोणालाच नाही. नव्या माणसाच्या हाती लगेच वर्ग देत नाहीत. आधी त्याने जुन्या शिक्षकाबरोबर बसायचं, हजेरी घ्यायची, रडणाऱ्या मुलाला पाणी द्यायचं, कोणतं मूल बोलतं आणि कोणतं नुसतं बघतं हे टिपायचं. मग धर्मप्रांताची शिबिरं असतात. तिथे बायबल, संस्कार, उपासनावर्ष शिकवतात, मुलांशी बोलायचं कसं तेही सांगतात. एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहायचं नाही, दार उघडं हवं, हा नियमही तिथेच पक्का करून घेतात. मला तो बायबलच्या पाठाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

शनिवारी संध्याकाळी आम्ही दुसऱ्या दिवशीचं शुभवर्तमान एकत्र वाचतो. मिस्सातली रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. एक वर्ष मुख्यतः मत्तय, मग मार्क, मग लूक. तोच उधळ्या पुत्र पुन्हा समोर येतो तेव्हा आपणही तीन वर्षांनी मोठे झालेलो असतो. घरी राहिलेल्या थोरल्या भावाची बाजू पहिल्यांदा वाचताना माझ्या डोक्यातही आली नव्हती. आता मुलं विचारायच्या आत मीच त्यांना त्याच्याबद्दल विचारते.

तिसरी-चौथीच्या वयात ख्रिस्तप्रसाद घेणं आज सगळ्यांना साहजिक वाटतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपात पुष्कळ ठिकाणी मुलांना दहा-बारा वर्षांचं किंवा त्याहूनही मोठं होईपर्यंत थांबावं लागे. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी ठरवून दिलं, की साधारण सातव्या वर्षी मुलाला बरंवाईट कळू लागतं, आणि साधी भाकर व ही भाकर यांतला फरक त्याला समजला की पुरे. संपूर्ण धर्मतत्त्व पाठ असण्याची अट त्यांनी ठेवली नाही. आमचा वर्ग या निर्णयावर उभा आहे.

तरीही पाठांतराची टिंगल मला आवडत नाही. हल्ली शिबिरांत चित्रं, खेळ, नाटुकली यांवर भर असतो आणि ते योग्यच आहे. पण आमच्या आज्यांना प्रश्नोत्तरांतून जे मिळालं ते पोकळ नव्हतं. १७३९ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हातून गेल्यावर युरोपीय मिशनरी निघून गेले. त्यानंतर गावोगावी प्रार्थना टिकल्या त्यात घरातल्या तोंडपाठ म्हणण्याचा वाटा मोठा आहे, असं मी मानते. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी दोन्ही वाटा चोखाळल्या होत्या. प्रश्नोत्तरांची ‘दोत्रिन’ लिहिली, आणि १६१६ मध्ये मराठी ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ही दिलं. त्या पुराणाच्या सुरुवातीला धर्मशिक्षण चालू असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठून विचारतो, की जुनी पुराणं आम्ही सोडली, मग वाचायला काय देता? मराठीतलं एवढं थोर काव्य धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या प्रश्नाने उघडतं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

सर्वांत नाजूक भाग कुमसाराचा, म्हणजे धर्मगुरूपाशी पापं कबूल करण्याचा. मुलं पापांची यादी आधी मलाच सांगू बघतात. तिथे मी थांबवते. ते माझ्यासाठी नाही. माझं काम एवढंच, की चुकून धक्का लागणं वेगळं आणि मुद्दाम ढकलणं वेगळं, हे त्यांना स्वतःला ओळखता यावं. मग हमखास येणारा प्रश्न येतो, “फादर मम्मीला सांगतील?” नाही. मम्मीला नाही, पोलिसांना नाही, कोणालाच नाही. जाणूनबुजून ते गुपित फोडणारा धर्मगुरू चर्चमधून बहिष्कृत होतो. हे ऐकून खांदे सैल पडलेली मुलं मी पाहिली आहेत. आपलं म्हणणं असं राखून ठेवणारं मोठं माणूस त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटत असतं.

२०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाचं काम प्रापंचिकांसाठी रीतसर सेवापद म्हणून स्थापन केलं. आमच्या वर्गात त्याने रोजचा फरक पडला नाही. पण ‘रविवारी मुलं सांभाळतात’ असं ऐकत आलेल्या जुन्या शिक्षिकांना ती बातमी वाचून दाखवली तेव्हा त्या किती ताठ बसल्या होत्या!

खरी अडचण संस्कारानंतर सुरू होते. पांढरे कपडे, फोटो, जेवण झालं, की पुढच्या जूनमध्ये बाकं रिकामी दिसू लागतात. ट्यूशन, क्रिकेट, पालकांचा आठवड्यातला एकुलता सुट्टीचा दिवस. पालकांवर मी रागावत नाही, विरारची गाडी पकडणाऱ्यांचा आठवडा मला माहीत आहे. पण नेमके याच वयात प्रश्न कठीण होतात. माझ्याकडे पूर्वी शिकलेल्या एका मुलाने मला फाटकाशी गाठलं. त्याचा बाकावरचा मित्र हिंदू. तो स्वर्गात जाणार नाही का? मी त्याला सांगितलं, की १९६४ मध्येच व्हॅटिकन परिषदेने लिहून ठेवलंय, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला धरून चालतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. तो म्हणाला, “मग मला हे वर्गात का नाही सांगितलं?”

तिसरीत तो विषय येत नाही, हे उत्तर खरं होतं आणि अपुरं होतं. तिसरीला सांभाळणाऱ्या दोघी तयार झाल्या आहेत. येत्या जूनपासून मला पाचवीचा वर्ग द्या, असं मी फादरांना सांगितलं आहे.