जुन्या मोटारीचे चित्र : कागद, संगणक आणि कापड

कापडावर छापायच्या नक्षींमध्ये जुन्या मोटारीचे चित्र नेहमी खपणारे आहे. मुलांचे शर्ट, पडदे, उशांचे अभ्रे, पिशव्या, सगळीकडे ते चालते. सजीवांची चित्रे अंगावर नकोत असे म्हणणारी आमची गिऱ्हाइकेही मोटारीचे चित्र निःसंकोच घेतात, कारण ती निर्जीव वस्तू आहे. मात्र आपले बरेच व्यापारी बांधव हे चित्र कुठून तरी तयार उचलतात. तेच चित्र शेजारच्या दुकानातही येते, मग भावाची ओढाताण सुरू होते आणि नफा हातचा जातो. यावर इलाज एकच : चित्र आपल्याच कारागिराच्या हातचे हवे.

कागदावरील काम

उदाहरणार्थ फियाट ११०० डी घ्या. ही मोटार १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागली, पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने टॅक्सी म्हणून सर्वांच्या ओळखीची झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीसेवेतून बाद झाली. तिच्या पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंतील अंतर २.३४ मीटर, तर एकूण लांबी सुमारे ३.९ मीटर. दहास एक या प्रमाणात कागदावर हे अंतर २३.४ सेंटिमीटर आणि लांबी ३९ सेंटिमीटर होते. आधी जमिनीची रेघ, मग दोन चाके, त्यानंतर छत आणि बॉनेट. चाकांचे माप चुकले तर बाकी सारे सुबक असूनही मोटार ओळखू येत नाही.

मोटार तिरपी दाखवायची असेल तर चाक गोल न राहता लंबवर्तुळ होते. त्याचा अरुंद व्यास नेहमी आसाच्या दिशेने ठेवावा. चकाकत्या पट्ट्या व बंपर करड्या रंगाने भरू नयेत. वर आकाशाचा उजळ भाग, खाली जमिनीचा गडद भाग आणि मध्ये स्पष्ट सीमा ठेवली की धातूची चमक आपोआप दिसते.

संगणकावरील काम

पेन्सिलचे चित्र स्कॅन करून कोरल ड्रॉ किंवा विनामूल्य मिळणाऱ्या इंकस्केपमध्ये त्यावर रेघा ओढाव्यात. गंमत अशी की या सॉफ्टवेअरमधील वक्ररेषा मोटारींच्या कारखान्यांतूनच आली आहे. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये तिची रीत शोधली, पण कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनॉ कंपनीचे अभियंते पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात ती स्वतंत्रपणे मांडली, म्हणून तिला बेझिए वक्र म्हणतात. दोन टोके आणि दोन दांडे, एवढ्या चार बिंदूंवर तिचा आकार ठरतो. चित्र कितीही मोठे केले तरी कड फाटत नाही. एका वळणाला जितके कमी बिंदू, तितकी रेघ साफ. हे बिंदू कुठे ठेवायचे हे मात्र पेन्सिल चालविलेल्या हातालाच लवकर कळते.

स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळी फिल्म व वेगळी स्क्रीन लागते. म्हणून तीन-चार रंगांत भागवावे. पांढऱ्या कापडावर चमकेची जागा कोरी सोडली तर एक रंग वाचतो.

हक्क सांभाळा

मोटार कंपनीचे नाव किंवा बोधचिन्ह परवानगीशिवाय छापू नये, तो ट्रेडमार्कचा प्रश्न होतो. आपल्या नक्षीचाही हक्क असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार, नोंदणीयोग्य असूनही न नोंदविलेली नक्षी कारखानदारी पद्धतीने वस्तूंवर ५० पेक्षा जास्त वेळा उतरली की तिच्यावरील कॉपीराइट संपतो. एका दुपारच्या छपाईत ५० नग सहज निघतात! २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी केल्यास १० वर्षे आणि नूतनीकरणाने आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. अर्ज मात्र माल बाजारात येण्यापूर्वी करावा लागतो.

आपल्या कारागिरांच्या मुलांनी संगणक जरूर शिकावा, पण पेन्सिल सोडू नये. वाडवडिलांकडून आलेला हाच हुनर उद्याही त्यांच्या हलाल रोजीचे साधन राहील, इन्शाअल्लाह.