किल्ल्याची प्रतिकृती

किल्ल्याची प्रतिकृती म्हणजे एखाद्या किल्ल्याची व त्याच्या सभोवतालच्या भूभागाची ठरावीक प्रमाणात लहान केलेली त्रिमितीय मांडणी होय. महाराष्ट्रात दिवाळीत मुले अंगणात मातीचे किल्ले करतात, तो तिचा सर्वांत परिचित प्रकार आहे. संग्रहालये, शालेय प्रकल्प आणि पटावरील युद्धखेळ यांसाठी अशा प्रतिकृती फोमच्या फलकांवरही तयार केल्या जातात. डोंगरी किल्ल्याच्या प्रतिकृतीत डोंगराचा चढ महत्त्वाचा असतो, तर जलदुर्गाच्या प्रतिकृतीत तटाइतकेच महत्त्व भोवतालच्या पाण्याला व खडकांना असते. मालवणजवळील सिंधुदुर्ग हे जलदुर्गाचे ठळक उदाहरण आहे.

दिवाळीतील किल्ला

दिवाळीतील किल्ल्यासाठी दगड, विटा, माती व गोणपाट हे साहित्य वापरतात. दगडविटांच्या ढिगावर ओले गोणपाट पसरून त्यावर चिखल लिंपला जातो. तट, बुरूज, दरवाजा, पायऱ्या व तळे तयार झाल्यावर मोहरी किंवा अळीव पेरून हिरवळ उगवतात. सर्वांत उंच जागी सिंहासनाधिष्ठित छत्रपती शिवाजी महाराजांची मूर्ती ठेवतात व खालच्या टप्प्यांवर मातीचे मावळे मांडतात. अनेक गावांत व शहरांत अशा किल्ल्यांच्या स्पर्धा होतात. काही मुले काल्पनिक किल्ला करतात, तर काही रायगड, प्रतापगड किंवा सिंधुदुर्ग यांसारखा विशिष्ट किल्ला नकाशावरून साकारतात. दुसऱ्या प्रकारात प्रमाण, दिशा व भूरचना यांचा विचार करावा लागतो.

लष्करी प्रतिकृती व युद्धखेळ

किल्ल्यांच्या प्रतिकृती लष्करी नियोजनासाठीही करण्यात आल्या. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईचा मंत्री लुव्वा याने १६६८ मध्ये सीमेवरील तटबंद शहरांच्या प्रतिकृती करवून घेण्यास आरंभ केला. लाकूड, कागद व रेशीम वापरून केलेल्या या प्रतिकृतींचे प्रमाण बहुतांशी १:६०० होते. त्यांपैकी अनेक आज पॅरिसमधील संग्रहालयात पाहावयास मिळतात.

प्रशियात फोन राइसविट्झ याने १८१२ मध्ये भूभागाचे सुटे ठोकळे मांडून खेळावयाचा युद्धखेळ राजापुढे सादर केला. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये तो नकाशावर खेळण्याजोगा केला आणि पुढे प्रशियाच्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणात त्याचा उपयोग झाला. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातील सैनिकांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. आजच्या छंदात सैनिकांच्या लघुमूर्ती फोमच्या भूभागावर मांडून, मोजपट्टीने अंतर मोजून व फासे टाकून लढाई खेळली जाते. या खेळात भूभाग केवळ सजावट नसतो. चढावर सैन्याची चाल मंदावते, तटाआड मारा कमी लागतो आणि अरुंद वाटेत मोठ्या सैन्याचा फायदा उरत नाही.

सिंधुदुर्गाची भूरचना

मालवणच्या किनाऱ्यासमोरील कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी हा किल्ला बांधवला. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याच्या बांधकामास प्रारंभ झाला आणि सुमारे तीन वर्षांत ते पूर्ण झाले. किल्ल्याचे क्षेत्र सुमारे ४८ एकर आहे. नागमोडी तटाची लांबी सुमारे ३ किलोमीटर, उंची सुमारे ९ मीटर व जाडी सुमारे ३.६ मीटर आहे. मुख्य दरवाजा मालवण शहराच्या बाजूस असून तो बुरुजांच्या वळणात दडलेला आहे. त्यामुळे दुरून पाहणाऱ्यास तो सहज दिसत नाही. आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. किल्ला आणि किनारा यांच्या दरम्यान पद्मगड हा लहान उपदुर्ग आहे, तर किनाऱ्यावर राजकोट व सर्जेकोट हे साहाय्यक दुर्ग होते. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी भूदृश्यांतील १२ किल्ल्यांत सिंधुदुर्गाचा समावेश आहे.

बेटाभोवती पाण्याखाली व पाण्याच्या पातळीलगत खडक पसरलेले आहेत. वाट ठाऊक नसलेल्या जहाजास ते धोक्याचे ठरतात. मोठ्या जहाजास तटाच्या अगदी जवळ येऊन मारा करणे अवघड जाते, लहान होडीस मात्र खडकांमधून वाट काढता येते. सपाट निळ्या फलकावर केवळ तट उभारल्यास संरक्षणाचा हा भाग प्रतिकृतीतून नाहीसा होतो आणि किल्ला कोणत्याही बाजूने गाठता येईल असा दिसतो.

प्रमाणाची निवड

प्रतिकृतीची पहिली अडचण प्रमाणाची असते. ४८ एकर म्हणजे सुमारे १ लाख ९४ हजार चौरस मीटर. १:१०० प्रमाणात, म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर उंचीच्या सैनिकांसाठी किल्ला केल्यास केवळ त्याच्या आतील क्षेत्रास १९ चौरस मीटर जागा लागेल आणि तटाची लांबी ३० मीटर होईल. घरातील खोलीत एवढी प्रतिकृती मावत नाही. १:१००० प्रमाणात क्षेत्र सुमारे ४४ सेंटिमीटर बाजूच्या चौरसाएवढे होते; परंतु तट केवळ ९ मिलिमीटर उंच राहतो.

१:६०० हे प्रमाण या दोहोंच्या मधले आहे. त्यात क्षेत्र सुमारे ७३ सेंटिमीटर बाजूच्या चौरसाएवढे होते. तट ५ मीटर लांब, १५ मिलिमीटर उंच व ६ मिलिमीटर जाड होतो. प्रत्यक्षात बेट चौरस नसून वेडेवाकडे आहे आणि भोवतालचा समुद्रही दाखवावयाचा असतो, म्हणून फलक याहून बराच मोठा घ्यावा लागतो. या प्रमाणात ३० मीटर लांबीचे जहाज ५ सेंटिमीटरचे होते, त्यामुळे आरमारी खेळासाठी ते सोयीचे असते. माणूस मात्र ३ मिलिमीटरहून लहान होतो. त्यामुळे एकेक सैनिक न दाखवता पट्टीवर बसवलेला गट म्हणजे एक तुकडी असे मानले जाते.

दिवाळीतील किल्ल्यात मावळे तटापेक्षा उंच दिसतात, त्याचे कारणही हेच आहे. तेथे किल्ला एका प्रमाणात व मूर्ती दुसऱ्या प्रमाणात असते.

फोमवरील बांधणी

पॉलिस्टायरीन फोमचे दोन प्रकार वापरात आहेत. थर्माकोल हे फुगवलेल्या दाण्यांचे असते. ते स्वस्त व हलके असले तरी कापताना त्याचे दाणे सुटतात. उष्णतारोधक म्हणून इमारतींत वापरले जाणारे एक्सपीएस फलक घट्ट व एकसंध असतात. त्यांवर तटाचे दगड टोकदार वस्तूने कोरता येतात.

डोंगरी किल्ल्यासाठी समोच्चरेषांचा नकाशा उपयोगी पडतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांत समोच्चरेषांमधील अंतर सामान्यतः २० मीटर असते. प्रतिकृती १:२००० प्रमाणात असल्यास २० मीटर म्हणजे १ सेंटिमीटर होतात. म्हणून १ सेंटिमीटर जाडीचा एकेक फलक एकेका समोच्चरेषेनुसार कापून एकावर एक चिकटवला असता डोंगराचा आकार मिळतो. नंतर पायऱ्यांसारख्या कडा तासून उतार केला जातो.

सिंधुदुर्गाचे बेट सखल असल्याने तेथे ही पद्धत पुरेशी ठरत नाही. आराखड्यावरून बेटाची व तटाची रेषा उतरवून घ्यावी लागते. प्लायवूडचा तळ हा समुद्राचा तळ मानून त्यावर बेटाचा थर व खडकांचे तुकडे चिकटवले जातात. भरती व ओहोटी यांच्या पातळीत २ मीटरचा फरक धरल्यास १:६०० प्रमाणात तो सुमारे ३ मिलिमीटर होतो. त्यामुळे भरतीत बुडणारे व ओहोटीत उघडे पडणारे खडक त्याच उंचीचे ठेवून दोन्ही स्थिती दाखवता येतात. उथळ पाणी फिकट हिरवट आणि खोल पाणी गडद निळे रंगवून त्यावर पारदर्शक लेप देतात.

फोम कापण्यासाठी धारदार सुरी किंवा विजेने तापवलेली तार वापरतात. तापलेल्या तारेने कापताना निघणारा धूर अपायकारक असल्याने खिडक्या उघड्या ठेवणे आवश्यक असते. फवाऱ्याच्या डब्यातील बऱ्याच रंगांतील व काही गोंदांतील द्रावकांमुळे पॉलिस्टायरीन विरघळते. त्यामुळे पांढरा पाण्याधारित गोंद वापरून त्याचाच थर आधी दिला जातो आणि मग पाण्यात मिसळणारे रंग लावले जातात. पृष्ठभागासाठी बारीक वाळू, लाकडाचा भुसा व कागदाचा लगदा वापरतात. माडांच्या झावळ्यांसाठी काथ्याही चालतो.

खेळासाठी ऐतिहासिक प्रसंग

१७६५ मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकून त्यास फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. पुढे किल्ला कोल्हापूरकरांकडे परत गेला आणि १८१२ च्या तहान्वये इंग्रजांकडे आला. उत्तरेकडील विजयदुर्गावर फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी केलेल्या स्वारीत तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. अशा प्रसंगांच्या मांडणीत जहाजांचा मार्ग, पाण्याची खोली, भरतीची वेळ व तोफांचा पल्ला यांचे नियम ठरवावे लागतात. पाण्याची खोली वगळल्यास मोठ्या युद्धनौकेस अवास्तव फायदा मिळतो.

पर्यावरण व पर्यायी साहित्य

महाराष्ट्र शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीसाठी प्लास्टिक व थर्माकोल वापरण्यास मनाई केली. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे. थर्माकोल कुजत नाही. त्याचे हलके दाणे वाऱ्याने व पाण्याने वाहून समुद्रात जातात आणि जलचर ते अन्न समजून गिळण्याचा धोका असतो. मालवणच्या समुद्रात १९८७ पासून सागरी अभयारण्य असल्याने तेथे हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो.

त्यामुळे सणापुरत्या किल्ल्यासाठी माती, दगड व गोणपाट हेच साहित्य योग्य ठरते. सणानंतर माती पुन्हा अंगणात मिसळते. कायमस्वरूपी प्रतिकृतीसाठी पुठ्ठ्याचे थर, लाकूड व कागदाचा लगदा यांचा वापर करता येतो. समोच्चरेषांनुसार थर रचण्याची पद्धत पुठ्ठ्यावरही तशीच लागू पडते. केवळ एका थराची जाडी मोजून त्यानुसार प्रमाण ठरवावे लागते.