दहा हजार वेळा वाक, मग बोल

यंत्र दिसायला अगदी साधं. दोन जबडे, एक स्थिर, दुसरा मोटारीवर पुढे-मागे सरकणारा. मधे कातडीवर चिकटवायच्या सेन्सरची पट्टी. जबडे जवळ आले की ती वाकते, लांब गेले की सरळ होते, आणि शेजारचं मीटर तिचा विद्युतरोध टिपत राहतं.

अशा पट्ट्या फारच पातळ असू शकतात. टोकियोच्या ताकाओ सोमेया यांच्या गटाने २०१३ मध्ये १.२ मायक्रोमीटर जाडीच्या प्लास्टिकवर सर्किट उभारलं. वजन चौरस मीटरला ३ ग्रॅम. इतकं पातळ ते टिकणार कसं? खरं तर पातळ आहे म्हणूनच टिकतं. ५ मिलिमीटर त्रिज्येत वाकवली, तर ०.१ मिलिमीटरची पट्टी बाहेरच्या अंगाने १ टक्का ताणली जाते, सोमेयांची जेमतेम ०.०१२ टक्के. त्याच गटाची २०१७ ची सोन्याची जाळी बोटावर १०,००० वेळा वाकूनही वीज वाहत राहिली.

म्हणून तुटली का, यापेक्षा बदलली का हे विचारणं महत्त्वाचं. ताण सोडल्यावर आकडा मूळ जागी येतो का, आणि किती लवकर? नाडीचा ठोका सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात चढतो. सेन्सर त्याहून मंद असला तर लाटेचं शिखरच बुजतं.

अशी पट्टी मे महिन्यात फैजपूरच्या केळीबागेत, घड वाहणाऱ्या मजुराच्या मानेवर लावून बघा. यावल तालुक्यातलं ते ऊन सांगायला नकोच. सोन्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.३४ टक्क्याने वाढतो, पातळ थरात थोडा कमी. धातूचा सेन्सर १ टक्का ताणला तर रोध साधारण २ टक्के वाढतो. म्हणजे एका अंशाची उष्णता त्याला ०.१७ टक्के ताणासारखी भासते, सोमेयांच्या पट्टीच्या वरच्या ०.०१२ टक्क्यांच्या कितीतरी पट! त्यात घाम: चांदीचे धागे असले तर मिठातला क्लोराइड त्यांचं हळूहळू सिल्व्हर क्लोराइड करतो, आणि चिकटद्रव्य सुटतं ते वेगळंच. पंचवीसेक अंशांच्या थंड खोलीतल्या दहा हजार फेऱ्यांना मी तरी निम्मेच गुण देईन. यंत्र उष्ण, दमट पेटीत ठेवून, पट्टीवर कृत्रिम घाम शिंपडून फेऱ्या मोजायला हव्यात.

उष्णतेवर उपाय आहे. न ताणला जाणारा दुसरा धागा शेजारी ठेवून ब्रिज सर्किटात दोघांची वजाबाकी करतात. मात्र दोन्ही धागे सारखेच तापले तरच ती जमते. खांद्यावरच्या घडाची सावली एकावर पडली आणि दुसरा उन्हात राहिला, तर चुकतेच.