नावडतीची मोटार

शंकरपट ज्याने एकदा मनापासून पाहिला आहे, त्याला शर्यतीच्या गाडीचे पहिले तत्त्व शिकवावे लागत नाही. कापूस वाहणारी बंडी पटात कोणी जुंपत नाही. पटाचा छकडा वेगळा असतो. अंगाने सडपातळ, वजनाला हलका, आणि नको असलेली प्रत्येक फळी काढून टाकलेला. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबलेला पट डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाल्यावर पुन्हा भरू लागला, तेव्हा तळेगाव दशासरकडे लोटलेल्या माणसांत या तत्त्वाचे जाणकार पुष्कळ होते. बैलजोडी तीच असली, तरी मागचे ओझे घटले की सेकंदाचे अंश वाचतात, हे त्यांना कोणत्याही पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाविना ठाऊक असते.

पण पट काही सेकंदांत संपतो. मोटारींच्या जगात याच्या अगदी उलट प्रकृतीची एक शर्यत आहे. तिला आपण 'दमाची शर्यत' म्हणू. फ्रान्समधील ल माँ या गावी १९२३ साली सुरू झालेली चोवीस तासांची शर्यत हा तिचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. तेथे अंतर ठरलेले नसते, वेळ ठरलेली असते. घड्याळाचे चोवीस तास पूर्ण होईपर्यंत जी गाडी सर्वाधिक अंतर कापील ती जिंकली. चालक आळीपाळीने बदलतात, गाडी मात्र एकच. साहजिकच हा कोट्यधीशांचा खेळ झाला. मग साध्या मिळकतीच्या माणसाला या खेळात जागा आहे की नाही? आहे, आणि ती त्याला बाजाराने नाकारलेल्या गाडीने मिळवून दिली. नावडतीचे मीठ अळणी, अशी आपल्याकडे म्हण आहे. मोटारींच्या बाबतीत ती नेहमी खरी ठरत नाही, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

आपल्या देशातले उदाहरण घेऊ. बंगलोरच्या सिपानी ऑटोमोबाइल्स या कंपनीने १९८२ साली 'डॉल्फिन' नावाची छोटी मोटार बाजारात आणली. इंग्लंडच्या रिलायंट कंपनीच्या 'किटन' या गाडीची ती भारतीय आवृत्ती. पोलादी सांगाड्यावर फायबर ग्लासचे अंग, ८४८ सी.सी.चे अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन, आणि दारे फक्त दोन. आता विचार करा, ज्या देशात मोटार म्हणजे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी दाटीवाटीने बसण्याचे वाहन, तेथे दोन दारांची गाडी कोण घेणार? मागे बसणाऱ्याला पुढची खुर्ची वाकवून आत शिरावे लागे. त्यात अंग पत्र्याचे नाही म्हणून 'प्लास्टिकची गाडी' ही निंदा वाट्याला आली. एवढ्यात डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर उतरली आणि डॉल्फिनचे नशीब ठरले. सिपानींनी पुढे जास्त दारांची 'मोंटाना' काढून पाहिली, पण गेलेले गिऱ्हाईक परतले नाही.

गिऱ्हाइकाने टाकलेल्या या गाडीला शर्यतवाल्यांनी मात्र उचलून धरले. मद्रासजवळ शोलावरम येथे महायुद्धाच्या काळातील एक जुनी धावपट्टी होती. तेथे मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लब वर्षानुवर्षे शर्यती भरवीत असे. तेथल्या शर्यतींत आणि देशातल्या रॅल्यांत डॉल्फिन लोकप्रिय झाली. कारण गणितात आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे वजन सुमारे नऊशे किलो आणि ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. म्हणजे एका घोड्याच्या पाठीवर साधारण बावीस किलो. डॉल्फिनची ताकदही चाळीसच्याच घरातली, पण वजन सहाशे किलोच्या आत. एका घोड्याला पंधरा किलोसुद्धा ओझे नाही. घरच्या माणसांना जे दोष वाटत होते, तेच येथे गुण ठरले. दारे दोन म्हणून सांगाडा ताठ आणि हलका, फायबरचे अंग म्हणून धडक बसली तर डाग-बडवणी नको, राळ आणि काचतंतूंचे कापड लावले की रात्रीत दुरुस्ती. आणि पडत्या भावात मिळालेली गाडी करवतीने कापताना मालकाचे काळीजही कापत नाही. हा शेवटचा गुण लहानसा वाटेल. शर्यतीच्या गाडीत तो फार मोठा आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. स्वस्तातली जुनी गाडी दमाच्या शर्यतीला तयार करायची, तर नवशिका आधी इंजिनाकडे धावतो. मोठा कार्ब्युरेटर, सायलेन्सर कापून केलेला धडधडाट, आणि इंजिनाची ताकद वाढल्याचा आनंद. जाणता मनुष्य इंजिनाला शेवटी हात लावतो. त्याचे गणित असे: समजा, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७ किलोमीटरच्या कायम मार्गावर आपण खटपट करून गाडी प्रत्येक फेरीला तीन सेकंदांनी जलद केली. आणि त्या जास्तीच्या ताणाने एक पाण्याचा पाइप फुटून गाडी दहा मिनिटे बाजूला उभी राहिली. दहा मिनिटे म्हणजे सहाशे सेकंद. ते भरून काढायला दोनशे फेऱ्या, म्हणजे ७४० किलोमीटर लागतील. अमरावतीहून निघून मुंबई गाठली तरी एवढे अंतर होत नाही! म्हणून दमाच्या शर्यतीत वेग मिळवण्यापेक्षा थांबणे टाळणे स्वस्त पडते.

काम कापण्यापासून सुरू होते. मागची बैठक, गालिचा, दारांचे अस्तर, छताचे कापड, डिकीतली चटई, सगळे बाहेर. प्रत्येक किलो तीन ठिकाणी कामी येतो: गाडी उचल घेताना, वळताना आणि थांबताना. त्यांतले थांबणे सर्वांत महत्त्वाचे, आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित. सातशे किलोची गाडी ताशी शंभर किलोमीटर वेगावरून थांबवली, तर जी उष्णता निर्माण होते तिच्यात तांब्याभर थंड पाणी उकळीला येईल. रस्त्यावर असा प्रसंग दिवसातून क्वचित. शर्यतीत मात्र दर वळणाला थोडाबहुत हाच प्रकार, आणि तोही तासन्‌तास. ब्रेकमधले तेल शेवटी एक द्रवच आहे. ते हवेतला ओलावा शोषते, आणि ओलावा शोषलेले तेल लवकर उकळते. उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. चालकाचा पाय फळीला टेकतो आणि गाडी तशीच पुढे जाते. यावर उपाय महागडा नाही. ताजे, उच्च उत्कलनबिंदूचे तेल, उष्णता सोसणारे ब्रेक-पॅड, आणि पुढच्या बंपरमधून चाकापर्यंत हवा नेणारी एक साधी नळी.

उष्णतेविषयी आपण वऱ्हाडकरांनी कोणाकडून शिकवणी घेण्याचे कारण नाही. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर चढतो, तेव्हा प्रवासी भरलेली जीप मूर्तिजापूरच्या रस्त्यावर चालवत ठेवणारा ड्रायव्हर हा या शास्त्राचा पदवीधरच म्हटला पाहिजे. रेडिएटरच्या जाळीत कापसाचा बोंद आणि किडे अडकले की हवा खेळत नाही, रबरी पाइप बोटांनी दाबून कडक लागला की तो बदलायचा, पंख्याचा पट्टा ढिला ठेवायचा नाही, ही पथ्ये तो कोणत्याही पुस्तकाविना पाळतो. बंपरला टांगलेली पाण्याची छागल एके काळी उगीच नसे. शर्यतीच्या गाडीला याच पथ्यांचा विस्तार लागतो: मोठा रेडिएटर, नवे पाइप आणि इंजिनाचे तेल थंड करणारा एक छोटा जादा रेडिएटर.

तेलाची दुसरी एक गंमत आहे. लांब वळणावर गाडी वेगात असली की इंजिनाच्या तळातले तेल एका बाजूला चढते, जसे बंडी वळताना गुंडातले पाणी कडेला येते. क्षणभर तेलपंपाच्या तोंडाशी तेल उरत नाही, आणि त्या एका क्षणात बेअरिंग जळते. तळात दोन-चार पत्र्याचे अडसर वेल्ड केले की हा धोका पुष्कळ कमी होतो. खर्च म्हणाल तर वेल्डिंगवाल्याच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा. जळालेल्या इंजिनाचा खर्च मी सांगत नाही.

या प्रकारच्या काटकसरीला अमेरिकेत चक्क एका शर्यतमालिकेचे रूप मिळाले आहे. २००६ साली कॅलिफोर्नियात 'ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स' सुरू झाली. नावातच विनोद आहे. एकीकडे ल माँची नक्कल, आणि दुसरीकडे इंग्रजीत रद्दी निघालेल्या गाडीला 'लेमन' म्हणतात. मूळ नियम असा की गाडी पाचशे डॉलरांत झाली पाहिजे. कोणी महागडी गाडी स्वस्त म्हणून खपवू पाहिली तर पंच त्याच्या फेऱ्या कापतात. तेथे येणाऱ्या गाड्यांत पाँटिॲक फिएरोसारख्या नावडत्या स्पोर्ट्‌स गाड्याही असतात. जनरल मोटर्सची ही दोन आसनी गाडी १९८४ ते १९८८ एवढीच निघाली. पोलादी सांगाड्यावर प्लास्टिकचे अंग, म्हणजे आपल्या डॉल्फिनची दूरची बहीणच. आणि खालचे बरेच सुटे भाग कंपनीच्या साध्या कौटुंबिक गाड्यांतून उचललेले. सुरुवातीच्या गाड्यांनी इंजिनाला आग लागण्याचे नाव कमावले, म्हणून गिऱ्हाईक बिचकले. पण साध्या गाड्यांचे सुटे भाग म्हणजे भंगारात सहज मिळणारे भाग. शर्यत करणाऱ्या गरीब माणसाला आणखी काय हवे?

या शर्यतीतला मला सर्वांत शहाणा वाटलेला नियम मात्र पैशांच्या मर्यादेबाहेरचा आहे. चालकाभोवतीचा पोलादी नळ्यांचा पिंजरा, खुर्ची, अंगाला घट्ट धरणारे पट्टे, अग्निशामक, यांचा खर्च पाचशे डॉलरांत धरतच नाहीत. इंजिनावर कंजूषपणा करा, जिवावर करू नका, हे तेथे नियमाच्या भाषेत लिहून ठेवले आहे. आपल्याकडेही फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्‌स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था परवाना असल्याशिवाय आणि गाडीची तपासणी झाल्याशिवाय अधिकृत शर्यतीत कोणाला उतरू देत नाही.

हे येथे लिहिण्याला कारण आहे. जून २०२२ मध्ये आपल्या अमरावती ते अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत अखंड काम करून घातला गेला, आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. दमाची खरी शर्यत म्हणावी तर ती त्या सातशेवर कामगारांनी आणि यंत्रांनी जूनच्या उन्हात धावून दाखवली. पण असा गुळगुळीत रस्ता दिसला की काही तरुणांचे हात शिवशिवतात. सायलेन्सर काढलेली मोटारसायकल, मागे मोबाइलवर चित्रण करणारा मित्र, पैज शंभर-दोनशे रुपयांची किंवा नुसत्या मानाची. मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमानुसार सार्वजनिक रस्त्यावर सरकारच्या परवानगीविना शर्यत लावणे हा गुन्हा आहे, हे झाले कायद्याचे. यंत्राचे बोलायचे, तर त्या गाडीला ना पिंजरा, ना ताजे ब्रेकचे तेल, आणि समोरून कापसाची बंडी येणार नाही याची हमी कोणी दिलेली नाही. कापाकापी केलेली शर्यतीची गाडी रस्त्यावर चालवताही येत नाही. कायद्याचे ५२ वे कलम कारखान्याच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. म्हणून खरे शर्यतवाले आपली गाडी ट्रॉलीवर लादून मैदानापर्यंत नेतात.

मग वऱ्हाडातल्या मुलाने करावे काय? मोटारीचे म्हणाल, तर डॉल्फिन आता संग्राहकांच्या वाट्याला गेली. तिची जागा भारतात काही काळ मारुती एस्टीमने घेतली. २००७ साली तिचे उत्पादन थांबले, पण हलके अंग आणि चपळ इंजिन यांमुळे रॅलीत आणि मैदानात ती पुष्कळ वर्षे आवडती राहिली. कोइम्बतूरचे एस. करिवर्धन यांनी तर मारुती ८०० चेच इंजिन घेऊन एक आसनी शर्यतीची 'फॉर्म्युला मारुती' बनवली. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेला नारायण कार्तिकेयन या स्वस्त गाडीतूनच शर्यतीत आला.

आणि विद्यार्थ्यांसाठी आणखी जवळची वाट आहे. इंदूरजवळ पीथमपूर येथे २००७ पासून अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची 'बाजा' स्पर्धा सुरू झाली. प्रत्येक संघाला सारखेच दहा अश्वशक्तीचे इंजिन. त्यामुळे ताकदीच्या बढाया आपोआप बंद. बाकीची गाडी, म्हणजे सांगाडा, स्टिअरिंग, ब्रेक, सगळे मुलांनी स्वतः घडवायचे. शेवटी खडबडीत जमिनीवर चार तासांची दमाची शर्यत. अर्ध्याअधिक वेळी जिंकण्याआधी टिकण्याचाच प्रश्न असतो. तुटलेला आस हातात घेऊन चिखलात बसलेला संघ तेथे नवल नाही.

आमच्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी यात परके वाटून घेऊ नये. या स्पर्धेत गाडी धावण्याआधी तिच्या खर्चाचा हिशेब परीक्षकांपुढे मांडावा लागतो, आणि ही गाडी कोणी का विकत घ्यावी हे खरेदीदाराला पटवावे तसे भाषण करून पटवावे लागते. त्यालाही गुण असतात. फेऱ्या मोजणारा, घड्याळ सांभाळणारा, चालकाला पाणी कधी द्यायचे हे ठरवणारा माणूस संघाला लागतोच. शहरातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा संघ पुढच्या खेपेला गाडी बांधत असेल, तर त्याच्या कार्यशाळेत संध्याकाळी जाऊन पाहावे. वेल्डिंग चालू असताना ठिणगीकडे मात्र उघड्या डोळ्यांनी पाहू नये.