पाऊस मागून येतो

संपादकांना बंगळूरच्या बागांवर लेख हवा होता. हैदर अलीची लालबाग, 1889 साली पायाभरणी झालेलं तिथलं काचघर, हे रीतसर पाहून झालं. मी अडकलो ते शहराच्या वायव्येला, पीण्या औद्योगिक वसाहतीत, अंगणातल्या जुन्या लोखंडी खुर्च्या नव्या करणाऱ्या एका शेडमध्ये.

नऊशे मीटर उंचीवरच्या या शहराची हवा बाहेर बसायला बोलावते. पण जूनचा पाऊस ओसरतो न ओसरतो तोच सप्टेंबर-ऑक्टोबरचा कोसळतो, आणि लोखंड नीट वाळतच नाही.

शेडमधले कारागीर बेळगावकडचे; सगळे त्यांना अण्णा म्हणतात. जुना रंग आणि गंज वाळूच्या माऱ्याने उडवायचा, फॉस्फेटचा हात द्यायचा, बंदुकीतून विद्युतभारित पावडर मारायची आणि सुमारे दोनशे अंशांच्या भट्टीत ती वितळवून पक्की करायची. ऐकायला सोपं. पण पावडर आधी कडांकडे धावते. नक्षीच्या दोन पट्ट्या जिथे अरुंद कोनात मिळतात तिथे विद्युतक्षेत्र पोचत नाही, म्हणून पावडरही पोचत नाही. पाणी मात्र नेमकं तिथेच साचतं. अण्णा व्होल्टेज उतरवतात, खुर्ची आधी तापवून घेतात, म्हणजे पावडर उष्णतेनेच धरते. मग आरशाचा तुकडा खालून धरून प्रत्येक सांधा बघतात.

"समोरून सगळ्यास्नी दिसतंय सर," ते म्हणाले, "पाऊस मागून येतोय."

खुर्ची अशी नवी करताना तिच्यावरची जुनी खूणही पुसली जाते. सावळज गावच्या एका मंडपवाल्याची लोखंडी खुर्ची भंगारात गेली आणि 2021 मध्ये इंग्लंडात, मँचेस्टरजवळच्या ऑल्ट्रिंगममध्ये, एका रेस्टॉरंटबाहेर सापडली. पाठीवरचं मराठी नाव शाबूत होतं, कारण कुणी ती नवी करायला घेतली नव्हती! अण्णांच्या हाती आली असती तर नाव पहिल्या माऱ्यातच गेलं असतं.

बिडाची बाकं आली की अण्णांचा चेहरा उतरतो. बीड सच्छिद्र; भट्टीत आतला वायू बाहेर पडतो आणि रंगावर टाचणीएवढी भोकं उठतात. म्हणून ती आधी कोरीच भाजावी लागतात. तडा गेला असेल तर निकेलची कांडी, सावकाश तापवणं, त्याहून सावकाश निववणं. घाई केली की शेजारी दुसरा तडा. नळीच्या खुर्च्या आतून सडलेल्या असतात. वरून कुणीतरी लांबी भरून रंग मारलेला असतो, माऱ्यात ती उडते, आणि भोकं शेडनेच पाडली असं गिऱ्हाईक समजतं.

मला खरी धास्ती वाटली ती खालच्या शेंदरी थराची. जुन्या प्रायमरमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, पण ती नव्या रंगांना. चाळीस वर्षांपूर्वीच्या खुर्चीला कोण विचारतो? पोरं तोंडाला रुमाल बांधून ग्राइंडर चालवतात. रुमालाने ती धूळ अडत नाही. शेंदरी रंग दिसला की अण्णा ग्राइंडर आणि वाळू दोन्ही थांबवायला लावतात, आणि पाणी मारून पॉलिश पेपरने हाताने घासायला सांगतात. त्यात एका खुर्चीला अर्धा दिवस जातो, आणि भाव तर गिऱ्हाइकाला आधीच सांगून झालेला असतो.